लागलं का?

चालायला शिकणारं मूल धपकन पडतं, ओठ वाकडे करतं, आता भोकाड पसरणार एवढ्यात आजी टाळी वाजवते: "अगं बाई, मुंगी मेली! कुठे गेली मुंगी?" मूल रडायचं विसरतं आणि फरशीवर मुंगी शोधू लागतं. ही युक्ती किती पिढ्यांपासून चालत आली आहे कोण जाणे, आणि दीड वर्षांच्या पोराला ती पुरतेही. पंचाईत अशी की पुष्कळ घरांत तीच युक्ती पंधराव्या वर्षापर्यंत चालू राहते. मैत्रिणींनी ग्रुपमधून काढून टाकलं म्हणून मुलगी संध्याकाळपासून गप्प आहे. आई म्हणते, "एवढं काय त्यात! चल, पावभाजी करते." मुंगी मेली. पण ही मुलगी आता मुंगी शोधायला वाकत नाही. ती खोलीत जाते आणि दार लावून घेते.

मराठीतलं 'लागणे' हे क्रियापद मोठं प्रशस्त आहे. ठेच लागते, भूक लागते, जीव लागतो आणि एखाद्याचं बोलणंही लागतं. तरी 'लागलं का?' हा प्रश्न बहुधा गुडघ्यापुरता राखून ठेवलेला असतो. पोरगा सायकलवरून पडला की गल्लीतली चार माणसं धावतात, कोणी पाणी आणतं, कोणी हळद. तोच पोरगा वर्गात सगळ्यांदेखत झालेला अपमान गिळून घरी आला, तर त्याला विचारलं जातं ते डबा संपवला का म्हणून. अमेरिकेत ओहायोमधल्या मायामी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ वैशाली रावल यांनी गुजरातमधल्या आयांशी बोलून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मुलाचं शारीरिक दुखणं या आयांना सहज मान्य होतं. मुलाचा राग आणि मुलाचं दुःख तितक्या सहजी पचनी पडत नव्हतं. अभ्यास गुजरातचा आहे, पण नाशिकच्या किंवा सांगलीच्या वाचकाला त्यातलं घर परकं वाटणार नाही.

भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द आज खासगी शाळांच्या माहितीपत्रकांत, कंपन्यांच्या प्रशिक्षणांत आणि सुट्टीतल्या शिबिरांच्या फलकांवर इतका लावला जातो की तो ऐकला की शहाणा माणूस आधी खिसा सांभाळतो. मूळ कल्पना बरीच साधी होती. १९९० साली पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोघांनी ती मांडली आणि पुढे तिचे चार भाग पाडले: स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखता येणं, विचार करताना त्यांचा उपयोग होणं, त्या कशातून आल्या आणि कुठे जातील हे समजणं, आणि त्या हाताळता येणं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं आणि ही कल्पना संशोधकांच्या हातून निसटून बाजारात गेली. यशात बुद्ध्यांकाचा वाटा २० टक्के आणि भावनिक बुद्धिमत्तेचा ८० टक्के, हे व्याख्यानांतून हमखास ऐकू येणारं वाक्य मूळ संशोधकांचं नाही. मेयर यांनी अशा दाव्यांवर उघड टीका केली आहे. तेव्हा गोष्ट एवढीच: आपल्या आत काय चाललं आहे ते ओळखायचं, त्याला नाव द्यायचं आणि त्यापायी दाणादाण उडू द्यायची नाही. हे पंधरा-सोळाव्या वर्षी कुठून येतं, हा खरा प्रश्न.

पालकांकडून, असं उत्तर देण्याची परंपरा गेल्या साठ वर्षांची. १९६० च्या दशकात बर्कलेमध्ये डायना बॉमरिंड यांनी बालवाडीतल्या मुलांचं आणि त्यांच्या घरांचं निरीक्षण करून पालकांचे तीन प्रकार सांगितले. 'मी सांगतो म्हणून' म्हणणारे. 'तुला हवं ते कर' म्हणणारे. आणि नियम ठाम ठेवून त्यामागचं कारण सांगणारे, मुलाचं म्हणणं ऐकूनही घेणारे. १९८३ साली एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी चौथा खण वाढवला: ज्यांचा धाकही नाही आणि लक्षही नाही असे. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांची इंग्रजी नावं, ऑथॉरिटेरियन आणि ऑथॉरिटेटिव्ह, इतकी जुळ्या भावंडांसारखी आहेत की वाचणारा हमखास अडखळतो.

मराठीत मात्र हा फरक दोन वेगळ्या शब्दांत आधीपासून बसलेला आहे. धाक आणि वळण. धाक बसतो, वळण लागतं. धाकाला समोर कोणीतरी हजर असावं लागतं. वडील परगावी गेले की धाकही त्यांच्या बॅगेतून जातो. वळण अक्षरासारखं असतं. कित्ता गिरवताना कोणीतरी हात धरलेला असतो, खोडलेलं पुन्हा लिहून घेतलेलं असतं, आणि पुढे हात सुटला तरी 'क' तसाच येतो.

१९९१ साली लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया आणि विस्कॉन्सिनमधल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे ४,१०० मुलामुलींवर या चार खणांची परीक्षा घेतली. तिसऱ्या प्रकारच्या घरातली मुलं एकूण सगळ्यात बरी निघाली. नुसत्या धाकातली मुलं शाळेत नीट वागत होती, पण स्वतःबद्दलचा विश्वास कमी. लाडावलेल्यांना विश्वास भरपूर, पण अभ्यासाची आणि व्यसनांची बाजू लंगडी. दुर्लक्षित मुलांची स्थिती सर्वांत वाईट. पुढे भावनिक बुद्धिमत्तेच्या प्रश्नावल्या घेऊन झालेले बहुतेक अभ्यासही याच दिशेला बोट दाखवतात. इथे थांबून 'तर मग तिसऱ्या प्रकारचे पालक व्हा' असं म्हणता येतं. पालकसभेतली बरीचशी भाषणं इथेच संपतात आणि चहा येतो.

पण पावभाजी करणाऱ्या त्या आईचं काय? ती हुकूमशहा नाही. बेफिकीर नाही. तिला मुलीचं वाईट वाटलं आहे, म्हणूनच ती कांदा चिरायला उठली. चार खणांच्या तक्त्यात तिला चांगल्या खणात जागा मिळेल आणि तरीही दार बंद झालेलं आहे. नेमकी हीच फट जॉन गॉटमन यांच्या हाती लागली. त्यांनी ५६ कुटुंबांतली मुलं पाचव्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत पाहिली आणि पालक कडक की मवाळ हे बाजूला ठेवून वेगळंच विचारलं: तुम्हाला स्वतःला रागाबद्दल काय वाटतं? दुःखाबद्दल काय वाटतं? पुष्कळ प्रेमळ पालकांच्या लेखी दुःख म्हणजे लवकरात लवकर पुसून टाकायचा डाग होता. काही पालक मात्र थांबत, काय झालं ते विचारत, त्या भावनेला नाव देत आणि मग पुढचं बघत. या दुसऱ्या गटातली मुलं लवकर शांत होत, मित्रांत रमत, अभ्यासातही बरी असत. मुद्दा पालकांच्या स्वभावाचा नव्हता. भावना उसळल्यावरच्या चार-पाच मिनिटांत घरात काय घडतं, याचा होता.

ही चार-पाच मिनिटं कशी असतात ते पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातला पोहण्याचा प्रसंग बहुतेक मराठी वाचकांना आठवतो. श्याम पाण्याला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, चक्क मारते आणि विहिरीवर धाडते. इथवरचा भाग 'आमच्या वेळी असं होतं' म्हणणाऱ्यांना फार आवडतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. पोहून आलेल्या श्यामला ती जवळ घेते, रागावलास का म्हणून विचारते आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हटलेलं आपल्याला का सहन झालं नसतं ते सांगते. म्हणजे मुलाच्या रागाला ती घरात जागा देते आणि स्वतःच्या मनातली भीतीही उघड करते. धाक आधी होता, वळण लागलं ते नंतर.

त्याच पुस्तकातला अळणी भाजीचा प्रसंग तर याहून सूक्ष्म आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, म्हणून मुलंही तशीच जेवतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. दिवसभर राबणाऱ्या बाईला तिची चूक ताटावरून ऐकवायची नाही, हा धडा वडिलांनी एका शब्दानेही शिकवलेला नाही. दुसऱ्याच्या भावना ओळखून त्याप्रमाणे स्वतःला आवरण्याचं इतकं नेमकं उदाहरण प्रशिक्षणाच्या स्लाइडवर सापडणं कठीण. अर्थात एक शंका इथेच घ्यायला हवी. त्या घरात पुरुषाने गप्प राहून बाईला जपलं. बाईने गप्प राहून किती काय गिळलं असेल, त्याचा हिशेब पुस्तकात कमी आहे. न बोलणं हे कधी शहाणपण असतं आणि कधी नुसतंच मुकेपण.

आणि मार? त्याची वकिली श्यामच्या आईच्या नावानेही करता येत नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये सुमारे पन्नास वर्षांचं संशोधन आणि १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केली. मुलांना मारण्याचा संबंध जास्त आक्रमकपणाशी आणि जास्त मानसिक त्रासाशी निघाला, भल्याशी नाही. 'आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं?' या नेहमीच्या सवालाचं अर्धं उत्तर जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात आहे. भारतासह सहा देशांत त्यांना दिसलं की जिथे मारणं सर्रास आहे तिथे त्याचा परिणाम काहीसा सौम्य होतो, कारण मुलाला ते आपल्यावरचं खास संकट वाटत नाही. सौम्य होतो; नाहीसा होत नाही.

प्रकारांच्या तक्त्याला सर्वांत रोचक धक्का दिला तो रूथ चाओ यांनी, १९९४ साली. अमेरिकेतल्या चिनी आया तक्त्यावर हुकमी ठरत होत्या, मग त्यांची मुलं शाळेत इतकी पुढे कशी? चाओ म्हणाल्या, मोजपट्टी चुकली आहे. या आया करतात त्याला चिनी भाषेत वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ शिकवून तयार करणं असा होतो. त्यात सक्ती आहे आणि मुलामागे रात्र-रात्र बसणंही आहे. मराठी वाचकाला हे समजायला तळटीप लागत नाही, 'वळण लावणे' म्हटलं की झालं. बॉमरिंड यांनाही १९७२ मध्ये हा चकवा लागला होता: हुकमी म्हणाव्यात अशा कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या लहान मुली उलट जास्त ठाम आणि स्वतंत्र दिसत होत्या. त्याच आवाजाचा अर्थ एका घरात 'तू नकोसा आहेस' असा पोचतो आणि दुसऱ्या घरात 'तू माझा आहेस' असा. तक्ता आवाज मोजतो. मूल अर्थ ऐकतं.

मग सगळंच सापेक्ष का? नाही. एक रेघ बऱ्यापैकी ठळक आहे आणि ती १९९६ साली ब्रायन बार्बर यांनी ओढली. मुलाच्या वागण्यावर ताबा ठेवणं वेगळं आणि मुलाच्या मनावर ताबा ठेवणं वेगळं. 'साडेनऊच्या आत घरात पाहिजेस' हा पहिला ताबा. 'तुझ्यासाठी मी नोकरी सोडली आणि तू हे पांग फेडलेस' हा दुसरा. पहिल्यावर किशोरवयीन पोरं धुसफुसतात, पाय आपटतात आणि निभावतात. दुसरा आत मुरतो. मध्यमवर्गीय घरांत या दुसऱ्या ताब्याचं सगळ्यात आवडतं हत्यार म्हणजे अबोला. आवाज नाही, मार नाही, शेजाऱ्यांना पत्ता नाही. आई तीन दिवस ताट वाढते, पण नजर उचलत नाही. मुलगी भांड्यांच्या आपटण्यावरून आज राग कितपत उतरला त्याचा अंदाज घेत फिरते.

अशा घरातली मुलं एका बाबतीत विलक्षण तरबेज होतात. चप्पल काढल्याच्या आवाजावरून बाबांचा मूड ओळखतात. विस्कॉन्सिनमधल्या सेथ पोलॅक यांनी मारहाण सोसलेल्या मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली, तेव्हा ती मुलं इतरांपेक्षा कमी खुणांवरून राग ओळखत होती. भावना ओळखणं हा भावनिक बुद्धिमत्तेचा पहिला भाग मानला, तर या मुलांना रागाच्या प्रश्नात पैकीच्या पैकी द्यावे लागतील. ती बुद्धिमत्ता पहारेकऱ्याची आहे. सगळं लक्ष फाटकावर, घरात काय चाललं आहे ते त्यांना विचारू नये.

घरात काय चाललं आहे ते सांगायला शब्द लागतात, आणि इथे मराठी कुटुंबांचं एक चमत्कारिक दारिद्र्य दिसतं, कारण भाषा तर श्रीमंत आहे. मूल हिरमुसतं, खट्टू होतं, फुरंगटतं, रुसतं, ओशाळतं, वरमतं, खजील होतं, चडफडतं. मनात हुरहूर असते, धास्ती असते, तगमग असते, घालमेल असते. प्रत्येक शब्दाची जागा वेगळी. ओशाळलेल्याला पाठीवर हात हवा असतो, फुरंगटलेल्याला थोडी मनधरणी, चडफडणाऱ्याला थोडा वेळ एकटं सोडलेलं बरं. आज नववीतल्या मुलाला विचारलं तर या सगळ्यासाठी त्याच्याकडे तीन शब्द असतात: टेन्शन, बोअर आणि मूड ऑफ. शब्द इंग्रजी आहेत ही तक्रार नाही. तीन आहेत ही तक्रार आहे. लिसा फेल्डमन बॅरेट या मानसशास्त्रज्ञ सांगतात की ज्यांना आपल्या भावनांत बारीक फरक करता येतो, त्यांना त्या हाताळणंही सोपं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगशाळेत मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ साली प्रौढांच्या मेंदूचे आलेख काढले, तेव्हा रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा पाहताना त्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी मेंदूतल्या धोक्याच्या घंटेची धडधड कमी होताना दिसली. नाव घेतलं की भूत थोडं लहान होतं, हे खेड्यातल्या कुठल्याही आजीला ठाऊक होतं; आता त्याचे आलेख आहेत.

हे शब्द मुलांना शिकवायचे कोणी? लातूरला नीटच्या क्लाससाठी खोली करून राहिलेल्या मुलीला रात्री नऊला फोन येतो. जेवलीस का? टेस्टला किती पडले? खोलीत डास नाहीत ना? बरं, ठेवू मग. फोन करणारा बाप प्रेमळ आहे. त्याने त्या खोलीसाठी काय विकलं आहे ते मुलीला माहीत आहे, म्हणून तीही 'सगळं बरंय' म्हणते. दोघांनाही एकमेकांना जपायचं आहे, आणि म्हणूनच दोघंही काही बोलत नाहीत. सगळे जेवून उठले आणि भाजी अळणी होती हे कोणाच्या तोंडून निघालं नाही.

आता आक्षेपांकडे वळायला हवं, कारण ते पोकळ नाहीत. पहिला असा की बाण कुठून कुठे जातो हेच नक्की नाही. रिचर्ड बेल यांनी १९६८ सालीच विचारलं होतं की पालक मुलाला घडवतात हे आपण गृहीत का धरतो, मूलही पालकाला घडवत असेल. जन्मतःच शांत असलेल्या मुलाशी समजुतीने बोलणं कोणालाही जमतं. हट्टी, भडकू मुलाच्या घरात संतांचाही आवाज चढतो. दुसरा आक्षेप ज्युडिथ रिच हॅरिस यांचा. हार्वर्डने या बाईंना डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमातून काढलं होतं आणि त्या पत्रावर सही होती जॉर्ज मिलर यांची. पुढे घरी बसून पाठ्यपुस्तकं लिहिता लिहिता त्यांनी एक निबंध लिहिला आणि त्याला अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचा पुरस्कार मिळाला, तो जॉर्ज मिलर यांच्याच नावाचा. १९९८ च्या त्यांच्या पुस्तकाचं म्हणणं असं की मुलांचा स्वभाव ठरतो तो जनुकांनी आणि सवंगड्यांनी. पालक स्वतःला उगाच फार मोठे समजतात. तिसरा आक्षेप कंटाळवाणा, पण सर्वांत पक्का. बहुतेक अभ्यासांत एकच मुलगी एकाच दुपारी दोन प्रश्नावल्या भरते: माझे आईवडील कसे, आणि मी कशी. ज्या दिवशी ती खुशीत असेल त्या दिवशी दोन्हीकडे गुण चढतात आणि मग संशोधक त्याला संबंध म्हणतात.

हे आक्षेप मान्य करूनही थोडं उरतं. स्वभाव जन्माचा असेल, पण रागीट स्वभावाच्या पोराला रागाचं काय करायचं ते कुठेतरी शिकावं लागतंच, आणि पहिला वर्ग घरीच भरतो. हॅरिस यांचा रोख खरा तर पालकांच्या अहंकारावर आहे, आणि तो तिथे बसायलाच हवा.

शिवाय पालकत्वाची शैली ही चैन आहे का, हा प्रश्न या सगळ्या तक्त्यांत कोणी फारसा विचारत नाही. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री' चित्रपटातला कचरू आपल्या मुलावर, जब्यावर खेकसतो, त्याला शाळा बुडवून कामाला जुंपतो, गावासमोर डुकराच्या मागे धावायला लावतो. प्रश्नावलीत हा बाप पहिल्या फटक्यात नापास. पण गावाने ज्याला आयुष्यभर मान खाली घालायला लावलं, त्या बापाच्या खेकसण्यात हुकूमशाही किती आणि भीती किती, हे वेगळं करणार कसं? मान वर केलीस तर तुला चेचतील, हे तो दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार? जब्याची लाज, त्याचा राग, त्याचं स्वप्न यांना घरात जागा नाही, कारण बापाच्या स्वतःच्या लाजेला गावात जागा मिळालेली नाही. मुलाच्या भावना ऐकून घ्यायला पालकाच्या अंगात संध्याकाळी थोडं त्राण शिल्लक असावं लागतं. ते पगारातून, जातीतून, लोकलच्या गर्दीतून आणि रात्रपाळीतून उरलं तर.

किशोरवयाचा म्हणून जो खास प्रश्न आहे, तो पाचव्या वर्षाच्या मुलांवरून सुटत नाही. पाच वर्षांचं मूल समोर रडतं. पंधरा वर्षांचं दार लावून घेतं. पालकांना कळणारच कसं? 'लक्ष ठेवा' असा सल्ला सगळे देतात. २००० साली हकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी मध्य स्वीडनमधल्या ७०३ चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून या सल्ल्याची हवा काढली. ज्या पालकांना मुलांचं काय चाललं आहे ते नीट माहीत होतं, त्यांना ते पाळत ठेवून किंवा खोदून विचारून कळलेलं नव्हतं. मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलं म्हणून कळलं होतं. म्हणजे लोकेशनचं ॲप, फोनचा पासवर्ड आणि दप्तराची झडती यांनी हाती लागते ती माहितीची सालं. आणि मूल आपणहून कोणाला सांगतं? मागच्या वेळी सांगितल्यावर ज्याने आकाशपाताळ एक केलं नाही, त्याला.

त्यात या वयात आईच्या आवाजाची सत्ताही ओसरते. स्टॅनफर्डमधल्या डॅनियल अब्राम्स यांनी २०२२ मध्ये सात ते सोळा वर्षांच्या मुलांचे मेंदू तपासले: लहानांच्या मेंदूला आईचा आवाज जास्त सुखावत होता; तेराव्या वर्षाच्या आसपास अनोळखी आवाज त्याला मागे टाकू लागला. 'शंभर वेळा सांगितलं तरी ऐकू येत नाही' ही तक्रार अगदीच कल्पित नाही, आणि तिच्यात मुलाचा दोषही नाही.

जुन्या मराठी घरांत अशा आईवेगळ्या आवाजाची सोय होती. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' कादंबरीत नववीतल्या मुकुंदाच्या मनातलं ऐकायला नरूमामा आहे. आईबाप नियमांपुरते आणि मामा गुपितांपुरता, अशी ती वाटणी. आत्या, काकू, वरच्या मजल्यावरचा दादा, सुट्टीतली आजी: घरात दोन कडक माणसं असली तरी पाच-सहा मवाळ कान आसपास होते. हे घर आदर्श होतं असं मुळीच नाही. त्याच घरात मुलींचा आवाज दाबायलाही पाच-सहा जण असत. पण पालकत्वाच्या शैलींचे तक्ते बनवताना कोणी नरूमामाला मोजलं नाही, आणि तो आता पुण्यात किंवा बंगळूरला आहे आणि दिवाळीला व्हिडिओ कॉलवर येतो. त्याची जागा फोनने घेतली, हे म्हणणं सोपं आहे. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात २१ देशांतल्या तरुणांना विचारलं होतं की मनाला त्रास झाला तर दुसऱ्याशी बोलून मदत घेणं बरं का. सरासरी ८३ टक्के 'हो' म्हणाले. भारतातल्या १५ ते २४ वयोगटातले अवघे ४१ टक्के. फोन हातात असलेल्या पिढीचा हा आकडा आहे.

शहरी पालकांचा एक गट अलीकडे अगदी उलट टोकाला गेला आहे. त्यांनी पुस्तकं वाचली आहेत, रील्स पाहिली आहेत. ते मुलाला 'तुला राग आलाय हे मला समजतंय' असं अनुवाद केल्यासारख्या मराठीत सांगतात आणि पाठोपाठ राग येण्याचं कारणच दूर करतात. बाईंना मेसेज, प्रशिक्षकाला फोन, ग्रुपमधून काढणाऱ्या मैत्रिणीच्या आईशी बोलणं. मुलाला हिरमुसायला पाच मिनिटं मिळत नाहीत. मुंगी मारण्याचीच ही नवी, महागडी तऱ्हा. भावना हाताळणं ती असतानाच शिकता येतं. कोरड्या तलावात पोहणं शिकवता येत नाही, हे श्यामच्या आईला कळलं होतं, तिची शिमटी कितीही चुकीची असली तरी.

मुलं बोलतात, पण त्यांच्या सोयीच्या जागी. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसवून 'बोल आता' म्हटलं की वाचा बसते. मटार सोलताना बोलतात, गच्चीवर कपडे काढताना बोलतात, आणि विशेषकरून स्कूटरवर मागे बसून बोलतात, कारण तिथे चेहरा दिसत नाही. क्लासवरून घरी दहा मिनिटांचा रस्ता. सिग्नलला थांबल्यावर मागून आवाज येतो, "आई, एक सांगू? चिडणार नाहीस ना?" आई मागे वळून पाहत नाही. "सांग की," म्हणते. मागून अर्धं वाक्य येतं, मग थांबतं, मग हॉर्नमध्ये हरवतं, मग पुन्हा सुरू होतं. घराकडचं वळण येतं. भाजी घ्यायची राहिली आहे, कुकर लावायचा आहे, उद्याचे डबे आहेत. आई इंडिकेटर बंद करते आणि गाडी सरळ जाऊ देते, पुलावरून, लांबच्या रस्त्याने.